भेटण्याआधीच जुळलेले दोघे: रोमँटिक कॉमेडीची पहिली दहा मिनिटं

रहस्यपटाचा शेवट कुणी आधी सांगितला तर आपण चिडतो. रोमँटिक कॉमेडीचा शेवट मात्र तिकीट काढतानाच माहीत असतो. पोस्टरवर दोन चेहरे असतात, ते दोघं शेवटी एकत्र येणार असतात, आणि हे कळूनही आपण दोन तास खुर्ची सोडत नाही. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत माणूस इतका गुंततो कसा? मला वाटतं, याचं उत्तर बहुतेक वेळा सुरुवातीच्या दहा मिनिटांत असतं. चांगली रोमँटिक कॉमेडी तेवढ्या वेळात प्रेक्षकाच्या कानात एक गुपित सांगून टाकते: ही दोन माणसं एकमेकांसारखी आहेत. त्या दोघांना ते ठाऊक नसतं. त्यांना ते कळायला पुढचा अख्खा सिनेमा लागतो, आणि आपण बघत बसतो ते त्यांचं हे कळणं.

ही कला कशी चालते ते पाहायचं तर 1934 सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा अमेरिकन चित्रपट घ्यावा. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, पटकथाकार रॉबर्ट रिस्किन, आणि मुख्य भूमिकांत क्लॉडेट कोल्बेर व क्लार्क गेबल. सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांच्या ‘नाइट बस’ या कथेवरून तो बेतला होता. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर पारितोषिकं एकाच चित्रपटाला मिळण्याची ती पहिली वेळ. भारतीय प्रेक्षकाला हा सिनेमा न पाहताही ओळखीचा वाटेल. राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (1956) आणि आमिर खान-पूजा भट्टचा ‘दिल है कि मानता नहीं’ (1991) याच गोष्टीवर उभे आहेत. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी, नोकरी गमावलेला पत्रकार आणि दोघांना बांधून ठेवणारा बसचा प्रवास.

सिनेमा सुरू होतो मायामीच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एका खासगी बोटीवर. नायिका अजून दिसलेली नाही. दिसतात ते तिचे गडगंज श्रीमंत वडील आणि बोटीवरची माणसं, आणि त्यांचं बोलणं चाललंय एलीबद्दल. पोरगी जेवत नाहीये. तिनं उपोषण मांडलंय. म्हणजे एलीचा चेहरा दिसण्याआधी आपल्याला तिचा हट्ट कळतो, आणि त्या हट्टापायी धडधाकट पुरुषांची उडालेली तारांबळही. पात्राची ओळख करून देण्याचा हा जुना आणि फार कामाचा मार्ग आहे: आधी इतरांच्या तोंडून नाव, मग चेहरा. आपल्या नाटकांतही मुख्य नटाच्या प्रवेशाआधी दोन गडी त्याच्याविषयी बोलून घेतात, ते याचसाठी.

मग वडील खाली तिच्या खोलीत जातात, आणि भांडणाच्या ओघात आपल्याला सगळी माहिती मिळते. एलीनं किंग वेस्टली नावाच्या विमानबाज माणसाशी परस्पर लग्न केलंय. संसार सुरू होण्याआधीच वडिलांनी तिला उचलून बोटीवर आणलंय. त्यांना हे लग्न रद्द करायचंय. पुढचा सिनेमा समजायला एवढं पुरेसं आहे. पण रिस्किन ही माहिती नुसती सांगत नाही, दोघांच्या तोंडून एकमेकांवर फेकायला लावतो. वडील तिला हट्टी मूर्ख म्हणतात, तेव्हा ती उलट ऐकवते की आमच्या घराण्यात हट्टी मूर्खांची मोठी परंपराच आहे. या एका वाक्यात बापलेकीचं नातं उघडं होतं. दोघं एकाच मातीचे आहेत, दोघांना एकमेकांची नस माहीत आहे, आणि भांडणाखाली माया आहे.

आता जरा थांबून नुसत्या घटना मोजा. मुलीचा अन्नत्याग. बापानं केलेली कोंडी. ती ताट उधळून देते. बाप तिच्या थोबाडीत मारतो. ती धावत सुटते आणि समुद्रात उडी टाकते. या पाच गोष्टी सलग लिहिल्या तर कुणीही म्हणेल, ही शोकांतिका आहे. याच घटनांवर डोळ्यांना पदर लावायला लावणारा सिनेमा सहज झाला असता. मग आपण हसायला मोकळे का होतो? चित्रपटाची जात ठरते ती इथे. घटना गंभीरच आहेत, त्या मांडण्याची तऱ्हा मात्र विनोदी आहे.

वडील तिच्यासाठी मांसाचं ताट आणतात आणि ती खात नाही म्हटल्यावर तिच्यासमोर बसून स्वतःच मिटक्या मारत खायला लागतात. उपोषणातलं गांभीर्य तिथेच गळून पडतं. थप्पड मारल्यावर सगळ्यात जास्त दचकतात ते वडीलच. (आजच्या डोळ्यांना ती थप्पड खुपतेच, मलाही खुपते. पण मारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा धक्का कॅमेरा आपल्याला पाहू देतो, म्हणून तो माणूस खलनायक होत नाही.) आणि समुद्रातली ती उडी! जीव द्यायला निघालेली मुलगी अशी सूर मारत नाही. ती पट्टीची पोहणारी आहे, मागून होड्या सोडल्या जातात आणि ती सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन किनारा गाठते. वडिलांच्या बोलण्यात रागाइतकाच अभिमान ऐकू येतो. मग ते गुप्तहेर संस्थेला तार करतात, आणि त्या तारेत एक शब्द आहे: ‘पुन्हा’. मुलगी पुन्हा पळाली. त्या एका शब्दानं प्रेक्षकाचा जीव भांड्यात पडतो. म्हणजे हे आधीही झालंय, पुढेही होईल, आणि कुणी मरणार नाही.

रोमँटिक कॉमेडीच्या सुरुवातीला हे अभयदान द्यावंच लागतं. जुन्या संगीत नाटकात नांदी संपली की सूत्रधार आणि नटी येऊन आज कुठला खेळ आहे, ते गप्पांतून सांगत. प्रेक्षक कुठल्या रसाची तयारी करून बसणार, ते तिथे ठरायचं. सिनेमाला सूत्रधार उभा करता येत नाही असं नाही, पण बहुतेकदा हे काम पहिलं भांडण, त्याचा वेग आणि त्यातली सुटका यांच्याकडून करून घेतलं जातं. इथे अडथळा आहे, पण तो मऊ आहे. बाप आडवा येतो, पण तो दुष्ट नाही. शेवटी हाच बाप लेकीला भर मांडवातून पळून जायला सुचवतो. त्याच्या त्या वागण्याची सोय पहिल्या पाच मिनिटांत करून ठेवलेली असल्यामुळे ते आपल्याला ओढूनताणून आणलेलं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट फार हुशारीनं केलेली आहे. नवरा पडद्यावर नाही! किंग वेस्टलीबद्दल आपण ऐकतो, तो ढोंगी असल्याचं वडिलांचं मत कळतं, पण तो समोर येऊन आपल्याशी नातं जोडत नाही. ‘चुकीचा माणूस’ हे या प्रकारातलं नेहमीचं पात्र आहे, आणि त्याला हाताळणं अवघड असतं. तो फार चांगला दाखवला तर त्याला सोडणारी नायिका निर्दय वाटते, फार वाईट दाखवला तर ती मूर्ख वाटते. काप्रा-रिस्किन त्याला नुसतं नाव म्हणून ठेवतात. तिनं त्याच्यात काय पाहिलं, हेही आपल्याला त्या भांडणातूनच उमगतं: वडिलांनी नको म्हटलं, म्हणून तो हवा. हे प्रेम नसून बंड आहे, ही शंका प्रेक्षकाला येते. एलीला ती यायला अजून बराच अवकाश आहे.

आता नायक.

बसस्थानक. रात्र. एका टेलिफोन बूथभोवती पत्रकारांची गर्दी जमलीय. कुणीतरी फोन करायला येतो, तर त्याला बाजूला सारून सांगितलं जातं की आत एक माणूस कुत्र्याला चावतोय. कुत्रा माणसाला चावला तर बातमी होत नाही, माणूस कुत्र्याला चावला तर होते, या बातमीदारीतल्या जुन्या म्हणीवरचा हा विनोद. पुन्हा तीच पद्धत: माणूस दिसण्याआधी त्याच्याविषयीचं बोलणं. आत पीटर वॉर्न आहे, प्यायलेला, आणि न्यूयॉर्कमधल्या संपादकाशी फोनवर कडाकडा भांडतोय. संपादक चिडलाय, कारण या पठ्ठ्यानं बातमी मुक्तछंदात लिहून पाठवलीय.

मुक्तछंद! या एका तपशिलासाठी मी रिस्किनला मनापासून दाद देतो. पीटर पुढे पूर्ण सिनेमाभर मला सगळं कळतं अशा तोऱ्यात वावरणार आहे. डोनट, म्हणजे मैद्याचा गोड वडा, कॉफीत कसा बुडवायचा इथपासून ते रस्त्यावर अंगठा दाखवून गाडी कशी थांबवायची इथपर्यंत तो एलीला धडे देणार आहे. असा माणूस आतून कवी आहे, हे आपल्याला त्याच्या तोंडून कधी कळलं नसतं. नोकरी जाण्याचं कारण म्हणून ते सुरुवातीलाच कळतं. म्हणून पुढे एका रात्री तो दूरच्या बेटावरच्या चांदण्याविषयी बोलायला लागतो, तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही. एलीला वाटतं.

संपादक त्याला कामावरून काढतो आणि फोन ठेवून देतो. पीटरच्या हातात मुका रिसीव्हर उरतो. बाहेर सगळे मित्र कान देऊन उभे. मग तो काय करतो? मेलेल्या तारेवर बोलत राहतो. जणू पलीकडून संपादक गयावया करतोय आणि हा त्याचीच नोकरी त्याच्या तोंडावर फेकतोय. मित्र जयघोष करतात, राजासाठी वाट सोडा म्हणत त्याला मिरवत बसपर्यंत नेतात. त्या गर्दीत खरी गोष्ट एकालाही माहीत नाही. ती माहीत आहे फक्त प्रेक्षकाला, कारण पलीकडे फोन ठेवलेला आपण पाहिलाय. हरलेला माणूस आपली लाज राखण्यासाठी किती छान नाटक करतो, याचे आपण एकटे साक्षीदार झालो. ज्याचं गुपित आपल्यापाशी आहे, त्याच्या बाजूला आपण आपोआप जातो.

हे चित्र 1934 च्या प्रेक्षकाला किती जवळचं वाटलं असेल, याचाही विचार करायला हवा. महामंदीचा काळ. 1933 मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या दर चार माणसांमागे साधारण एक बेकार होता. नोकरी गेल्यावरही ताठ मानेनं चालण्याची धडपड त्या थिएटरात बसलेल्या कितीतरी जणांनी केलेली असणार. आणि त्याच प्रेक्षकाला मघाशी एक मुलगी दिसली होती, जी समोर आलेलं मांसाचं ताट उधळून देते. दोघांमधलं अंतर किती, ते सांगायला भाषणाची गरजच पडली नाही. पुढे याच मुलीला भूक लागते, आणि आधी नाक मुरडलेलं कच्चं गाजर ती मुकाट्यानं खाते. पहिल्या प्रसंगातलं अन्न असं शेवटापर्यंत सिनेमाभर फिरत राहतं.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहू. ती वडिलांशी भांडते, तो संपादकाशी. दोघांच्या डोक्यावर कुणीतरी हुकूम चालवणारा आहे आणि दोघं त्याला जुमानत नाहीत. दोघांचा आधार तुटलाय. दोघांना मायामीहून न्यूयॉर्क गाठायचंय. आणि दोघं नाटकी आहेत! पीटर बंद फोनवर नाटक करतो, तर बसस्थानकावर एली एका म्हातारीला पुढे करून स्वतःचं तिकीट काढवून घेते. वडिलांचे गुप्तहेर तिथेच उभे असतात, आणि एली अँड्र्यूज बसमध्ये बसेल हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का, असं म्हणून निघण्याच्या बेतात असतात. इथेही तेच: गुप्तहेरांना जे दिसत नाही, ते आपल्याला दिसतं.

वरवर पाहता ती महालातली आणि तो फुटपाथवरचा. पण पटकथेनं दोघांना एकाच साच्यातून काढलंय, आणि हे साम्य आपल्याला शब्दांत न सांगता कृतीतून दाखवलंय. सिनेमातला एक गाजलेला प्रसंग या साम्यातूनच जन्मतो. गुप्तहेर त्यांच्या खोलीत येतात, तेव्हा दोघं क्षणात कडाकडा भांडणाऱ्या नवरा-बायकोचं सोंग वठवतात आणि पाहुण्यांना पळवून लावतात. दोघं एकमेकांकडे पहिल्यांदा खऱ्या कौतुकानं पाहतात ते तेव्हा. आपण मात्र त्यांना नट म्हणून पहिल्या दहा मिनिटांतच ओळखलेलं असतं.

मग भेट होते. पटकथा लिहिणारे या भेटीला ‘मीट-क्यूट’ म्हणतात: नायक-नायिकेची अशी पहिली गाठ, जी गमतीची असते, थोडी अडचणीची असते, आणि सहजासहजी सुटत नाही. पीटर बसमध्ये मागच्या बाकावर येतो, तर तिथे वर्तमानपत्रांचे गठ्ठे. तो ते खिडकीबाहेर भिरकावतो. चालक जाब विचारायला येतो, आणि पीटर त्याला एक लांबलचक किस्सा ऐकवतो: मागे एकदा पेपरवर बसलो तर सगळे मथळे माझ्या पांढऱ्या पँटवर उमटले आणि त्या दिवशी गावात कुणी पेपर विकत घेतला नाही! भांडण जिंकून तो वळतो, तर जागेवर एली बसलेली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या आणि वर चढल्यावर तिथे दुसराच कुणी ऐसपैस बसलेला पाहिलेल्या माणसाला पीटरची तडफड समजावून सांगायला नको.

एली चालकाला विचारते, जागा राखीव आहेत का? तो सांगतो, नाही, आधी येईल त्याची. जिच्यासाठी आयुष्यभर सगळं राखीव होतं, तिच्या बाजूनं हा नियम लागतो, ही त्यातली गंमत. पीटर मग तिला सरकायला लावून शेजारीच बसतो. थोड्या वेळानं ती बॅग वर ठेवायला उठते, बसला हिसका बसतो आणि ती थेट त्याच्या मांडीवर आदळते. पुन्हा टपकशील तेव्हा घरच्यांनाही घेऊन ये, असं तो तिला ऐकवतो. त्याला तिचं नाव माहीत नाही. घरचे लोक तिच्या मागावरच आहेत, हेही माहीत नाही. आपल्याला दोन्ही माहीत आहे, म्हणून तो टोमणा आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त हसवतो.

बसची निवडही महत्त्वाची आहे. भांडलेल्या दोघांना एकत्र ठेवायला काहीतरी सबळ कारण लागतं, नाहीतर प्रेक्षक विचारतो, पटत नाही तर निघून का जात नाहीत? इथे बाक एक, बस एक, मुक्काम एक. नंतरच्या किती चित्रपटांनी ही युक्ती उचलली, त्याला गणती नाही. 1989 च्या ‘व्हेन हॅरी मेट सॅली’मध्ये बसच्या जागी गाडी आहे. 1977 साल, शिकागो विद्यापीठ, आणि एकमेकांना न ओळखणारे दोघं खर्च वाटून घेऊन न्यूयॉर्कला निघालेत. सॅलीनं कुणी कधी किती तास गाडी चालवायची याचं वेळापत्रक बनवलंय. हॅरी द्राक्षं खातोय, आणि बी थुंकायला जातो तर काच बंद. या दोन कृतींत दोन स्वभाव संपूर्ण कळतात. इथे बाप नाही, पैसा आड येत नाही, गुप्तहेर नाहीत. अडथळा आहे तो या दोन स्वभावांचाच.

पण त्या सिनेमाची खरी सुरुवात गाडीच्याही आधी आहे. नोरा एफ्रनच्या पटकथेत आणि रॉब रायनरच्या दिग्दर्शनात पहिल्यांदा दिसतं ते सोफ्यावर बसलेलं एक म्हातारं जोडपं. आजोबा सांगतात: एका खानावळीत ती आत आली, मी मित्राला म्हटलं, या मुलीशी मी लग्न करणार. दोन आठवड्यांत लग्न झालं, आणि पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी आम्ही सोबत आहोत. कोण हे दोघं? कथेशी त्यांचा काही संबंध नाही. तरी त्यांनी अख्ख्या सिनेमाची ग्वाही देऊन टाकली: अशा गोष्टी घडतात, आणि टिकतात. त्यानंतर हॅरी आणि सॅली कितीही भांडले तरी आपल्या मनात तो सोफा असतो. आजोबांना दोन आठवडे पुरले, या दोघांना बारा वर्षं लागतात. सुरुवातीची ती जलद गोष्ट या संथ गोष्टीला मापासारखी लावून पाहता येते.

मराठीत सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) आठवतो. मुंबईची मुलगी स्थळ बघायला पुण्यात येते आणि एका अनोळखी पुणेकराबरोबर दिवस घालवते. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांच्या पात्रांना त्या चित्रपटात नावंही नाहीत, आणि ती नसल्याचं जाणवत नाही, कारण त्यांची ओळख शीर्षकानंच करून दिलेली आहे. मुंबईकर आणि पुणेकर म्हटलं की मराठी प्रेक्षक वर्षानुवर्षांचे टोमणे, अभिमान आणि रुसवे सोबत घेऊनच थिएटरात शिरतो. काप्राला जे उभं करायला बोट, बाप, उपोषण आणि टेलिफोन बूथ लागला, ते इथे दोन शहरांच्या नावांनी केलं. असा तयार साठा सगळ्याच पटकथाकारांच्या हाताशी नसतो. तो असेल तर नायक-नायिकेचं पहिलं भांडण पहिल्याच वाक्यात सुरू करता येतं, आणि त्यात कुणाची बाजू घ्यायची, हे प्रेक्षकानं आपल्या राहत्या गावावरून आधीच ठरवलेलं असतं.